बालदीवर बसून ऐकलेलं

आज मी जो काही आहे तो माझ्या आत्यामुळे आहे, हे सुरुवातीलाच लिहून ठेवतो. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिचं नाव मी इथे देणार नाही, दुसऱ्या कुणाचंही देणार नाही. तसं का, ते पुढे वाचताना कळेल.

आत्या चौथी शिकली. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला, तेव्हा ती सासर सोडून रत्नागिरीला आली आणि एका दवाखान्यात आया म्हणून लागली. तिथेच, पुरुषांच्या वॉर्डात, तिची सगळी नोकरी झाली. आमचं गाव गुहागर तालुक्यात, कुठलं ते सोडा. घरात भातशेती, पाचपन्नास पोफळी, आणि दहावीच्या पुढे गेलेलं कुणी नाही. माझा बारावीचा निकाल लागला तेव्हा वडील म्हणाले, आता मुंबईला जा, चुलते हॉटेलात चिकटवतील. आत्या लावणीला रजा काढून गावी आली होती. चिखलाचे पाय धुता धुता ती म्हणाली, "त्याला माझ्याकडं पाठव. माझ्या खोलीत अजून एक माणूस झोपेल."

"आणि खाईल काय?" वडिलांनी विचारलं.

"मी जेवते ते. मी काय उपाशी हाय?"

एवढ्यावर माझं कॉलेज ठरलं. तांदळाची गोणी, आमसुलांची पिशवी आणि एक पत्र्याची ट्रंक घेऊन मी एसटीने रत्नागिरीला आलो. आत्याची खोली खरंच एका माणसाची होती. मी आत झोपायचो, ती पुढच्या पडवीत. पावसाळ्यात पडवीला झड लागायची तेव्हा ती चुलीजवळ पाय दुमडून झोपायची आणि सकाळी मला म्हणायची, "आज ऊब मिळाली बघ."

कॉलेज दुपारी बाराला सुटायचं. मी तिचा डबा घेऊन वॉर्डात जायचो. तिथे मी पहिल्यांदा ती बालदी पाहिली. दुपारची जेवणं उरकून सिस्टर आपल्या कागदांना बसल्या की आत्या फरशीची निळी बालदी धुऊन आणायची, एखाद्या म्हाताऱ्याच्या उशाशी ती उपडी घालायची आणि तिच्यावर बसायची. खांबाला टेकून लोखंडी खुर्ची असायची, पण तिला ती चालायची नाही.

"खुर्ची असताना बालदी कशाला?" मी एकदा विचारलं.

"खुर्चीवर बसलं की माणूस साहेब वाटतो. पेशंटला मान वर करून बोलाय लागतं. बालदीवर बसलं की तोंडासमोर तोंड येतं."

हेडसिस्टर जाता येता टोमणा मारायच्या. "काय, दरबार भरला वाटतं?"

"व्हय बाई," आत्या बसल्या जागेवरून म्हणायची, "तुमच्या गोळ्या पोटात गेल्या, आता पोटातलं बाहेर येतंय."

हेडसिस्टर हसू दाबत पुढे जायच्या. त्यांनी तिला कधी उठवलं नाही.

बालदीवर बसून आत्या करायची काय, तर काही नाही. प्रश्न विचारायची नाही, देवाचं नाव घ्या म्हणायची नाही, सगळं ठीक होईल असंही म्हणायची नाही. म्हातारा बोलला तर ऐकायची. नाही बोलला तर त्याच्या चादरीची सुरकुती काढत बसायची. मधूनच म्हणायची, "व्हय." कधी "व्हय व्हय." एवढंच. मी तिला विचारलं की तू समजूत का घालत नाहीस. ती म्हणाली, "देवळात गुरव गाऱ्हाणं घालतो तेव्हा तू मधे बोलतोस काय?"

आमच्याकडे ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालतात. ज्याला काही सांगायचं असेल त्याच्या वतीने गुरव देवाला मोठ्याने सांगतो, की बा महाराजा, ह्या तुझ्या लेकराचं असं असं झालंय, ते सांभाळून घे. जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला म्हणतात, "व्हय महाराजा." त्यात कुणी सल्ला देत नाही. कुणी म्हणत नाही की चूक तुझीच. सगळे नुसते पाठीशी उभे राहतात. आत्याने हे देवळातून उचललं आणि वॉर्डात आणलं होतं, आणि आपण काही आणलंय हे तिच्या गावीही नव्हतं.

तिचा एक नियम होता. बालदीवर बसून ऐकलेलं ती खोलीवर आणायची नाही. कुणाचं ऑपरेशन झालं, कुणाच्या सुनेने डब्यात केस घालून आणला, हे सगळं ती रंगवून सांगायची. पण उशाशी ऐकलेलं, नाही. मी खोदून विचारलं तर म्हणायची, "त्याचं ते त्याच्यापाशी. मी नुसती भिंत."

हा नियम तिने एकदाच मोडला, आणि तो माझ्यासाठी.

दुसऱ्या वर्षी मी इंग्रजीत नापास झालो. गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायला तीन वर्षं मास्तरच नव्हते, आणि कॉलेजात सर बोलायला लागले की मला नुसता आवाज ऐकू यायचा. मी ट्रंक भरली. आत्या ड्यूटीवरून दुपारी आली तेव्हा मी दोरी बांधत होतो. तिने ट्रंकेकडे पाहिलं, चहा ठेवला, आणि आम्ही दोघं पडवीत बसलो. तिने मला एका माणसाची गोष्ट सांगितली. तो माणूस महिन्याभरापूर्वी तिच्या वॉर्डात वारला होता. जाण्याआधी तीन दुपारी त्याने तिला काही सांगितलं होतं.

काय सांगितलं होतं, ते मी इथे लिहिणार नाही. तो कुठल्या गावचा, काय काम करायचा, हेही नाही. एवढंच, की ते वेळेवर न केलेल्या एका गोष्टीबद्दल होतं.

"हे मी कुणाजवळ बोललेली नाय," ती शेवटी म्हणाली. "तुझ्याजवळ बोलले, कारण तू उद्याच्या गाडीने पळशील आणि मग शेवटी तसाच पडशील, उशाशी बसलेल्या कुणाला तरी सांगत. सोड ती दोरी."

मी दोरी सोडली. ऑक्टोबरच्या परीक्षेत इंग्रजी सुटलं, आणि पुढच्या वर्षी मी बीए झालो. गुणपत्रिका आत्या वॉर्डात घेऊन गेली. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या एका म्हाताऱ्याला दिसत नव्हतं, म्हणून तिने त्याचा हात धरून कागदावरून फिरवला. "हा आमच्या घरातला पहिला," ती त्याला सांगत होती. तो म्हणाला, "कागद जाड आहे. चांगलं शिकलेला दिसतोय."

शिक्षणानंतर मला रत्नागिरीतच एका संस्थेत काम मिळालं. मुलं मुंबईला आणि म्हातारी माणसं गावाला, अशी आमच्या जिल्ह्यात घरोघर स्थिती. आम्ही त्यांच्याकडे जायचो. चष्मे, गोळ्या, पेन्शनचे फॉर्म, हे सगळं करायचो. पण निघताना उंबऱ्यापाशी म्हातारं माणूस हटकून काहीतरी विचारायचं, त्याचा आमच्या फॉर्ममध्ये रकाना नसायचा. "देवानं मला अजून ठेवलंन कशाला?" "माझ्या हातून झालं ते फिटेल काय?" आम्ही घड्याळ बघत म्हणायचो, "असं मनात आणू नका, आजी."

त्या उंबऱ्यावरच्या प्रश्नांवर मी एका मासिकात लहानसा लेख लिहिला. एका वाचकाने त्याचं इंग्रजी केलं आणि कुठून कुठे पाठवलं. मग दक्षिणेतल्या एका निवृत्त डॉक्टरांचा फोन आला. मग केरळात म्हाताऱ्या बायकांचा आश्रम चालवणाऱ्या एका ख्रिस्ती सिस्टरचा. मग दिल्लीत अशाच कामात असलेल्या एका हुशार बाईंचा. महिन्यातून एकदा आम्ही कॉम्प्युटरच्या पडद्यावर भेटू लागलो. वर्षभरात सात-आठ राज्यांतली माणसं झाली. डॉक्टर म्हणाले, आपण सगळ्यांनी मिळून एक राष्ट्रीय आघाडी करू या. म्हाताऱ्या माणसांना औषधाइतकीच मनाची, आत्म्याची सोबत लागते, हे प्रत्येक राज्यात कुणीतरी म्हणायला हवं.

मी धावत जाऊन आत्याला सांगितलं. तोपर्यंत ती निवृत्त झाली होती. रोज दुपारी ती रत्नागिरीतल्या एका वृद्धाश्रमात जाऊन बसायची. तिथेही बालदीवरच.

"आघाडी?" ती म्हणाली. "निवडणुकीला उभा राहतोयस काय?"

"तसली नव्हे गं. म्हाताऱ्यांच्या आध्यात्मिक काळजीसाठी."

"म्हणजे कीर्तन?"

"नाही. म्हणजे तू करतेस ते."

"मी कुठं काय करते? आणि काळजी नको म्हणू. आपली कुणी काळजी करतंय म्हटलं की म्हातारं माणूस घाबरतं. सोबत म्हण."

आघाडीच्या मराठी नावात आज 'सोबत' आहे, तो शब्द तिचा.

पहिल्या वर्षी आम्ही एक प्रश्नावली केली. चोवीस प्रश्न. तिच्यातला पहिलाच प्रश्न होता, 'आपल्या जीवनाचा अर्थ आपल्याला काय वाटतो?' मी तो गुहागरजवळच्या एका आजोबांना वाचून दाखवला. ते सुपारी सोलत होते. सोलता सोलता म्हणाले, "अर्थ? तू बीए झालास ना? तू सांग." पडद्यावर मी ही हकीकत सांगितली तेव्हा सगळे पोट धरून हसले आणि आम्ही प्रश्नावली बाजूला ठेवली. त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "मग आपण करायचं काय, ते एका गोष्टीतून सांगणारं कुणीतरी हवं."

मला वाटलं, ती गोष्ट माझ्यापाशी आहे.

आघाडीची पहिली प्रत्यक्ष बैठक रत्नागिरीला घ्यायची ठरली. माझ्यासारख्याच्या गावात एवढ्या राज्यांतली माणसं येणार म्हणून मला झोप नव्हती. पाहुणे रेल्वेने आले, समुद्र बघून आले, सोलकढीचे पेले रिकामे करून परत मागू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोलायला उभा राहिलो आणि आत्याबद्दल बोललो. बालदी, गाऱ्हाणं, व्हय महाराजा. मग पडवीतली ती दुपार आली. मी त्या माणसाची गोष्ट सांगितली, सगळी सांगितली. नाव तेवढं बदललं. संस्थेच्या प्रशिक्षणात आम्हाला तसंच शिकवलं होतं, की नाव बदला म्हणजे झालं. बाकी त्याचं गाव, त्याचं काम, त्याच्या हाताची एक खूण, हे सारं राहू दिलं, कारण त्याशिवाय गोष्ट डोळ्यांपुढे उभी राहत नव्हती.

केरळच्या सिस्टरनी चष्मा काढून पुसला. मी खाली बसलो तेव्हा बराच वेळ टाळ्या चालू होत्या.

चहाच्या वेळी कप भरणारी बाई हळूच मला म्हणाली, "भाऊ, ते म्हणजे आमच्या खालच्या आळीतले ना?"

मी म्हटलं, "नाही नाही, ते दुसरे." तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या माणसाचा कप भरला.

दिल्लीत किंवा कुठल्या मोठ्या शहरात नाव बदललं की माणूस झाकला जात असेल. आमच्याकडे नाव सगळ्यात शेवटी विचारतात. आधी गाव, मग वाडी, मग कुठल्या विहिरीच्या बाजूला, मग कुणाच्या घरातला. एवढं कळलं की नावाची गरजच उरत नाही. हे मला जन्मापासून माहीत होतं. गावात लहानपणापासून मी दुसरं काही ऐकलेलं नाही. तरी मी नाव बदललं आणि खूण ठेवली, कारण मी शिकलेला होतो आणि शिकवलेलं बरोबर करत होतो.

भाषणाचा तुकडा कुणीतरी फोनवर टाकला. चांगल्या मनानेच टाकला असेल. आठ दिवसांत तो फिरत फिरत त्या माणसाच्या मुलीपर्यंत पोचला. ती आता पन्नाशीची आहे. पत्ता काढत ती आत्याच्या दारात आली. मी तिथे नव्हतो. शेजारणीने मला नंतर सांगितलं.

मुलगी उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "माझ्या वडिलांनी तुमच्याजवळ सांगितलेलं तुम्ही बाहेर सांगितलंत?"

आत्या म्हणाली, "व्हय."

भाच्याने सांगितलं असं ती म्हणाली नाही. माझं नावच घेतलं नाही. मुलगी म्हणाली, "बाबा म्हणायचे, त्या बाईजवळ बोललं की विहिरीत दगड टाकल्यासारखं," आणि पायऱ्या उतरून गेली.

मी गेलो तेव्हा आत्या तांदूळ निवडत होती. मी खूप बोललो. माफ कर म्हणालो, तो तुकडा काढायला सांगितलाय म्हणालो, हेतू चांगला होता म्हणालो. ती निवडतच राहिली. मग सूप खाली ठेवून म्हणाली, "चूक माझी पहिली, बाबू. भिंतीनं बोलायचं नसतं. मी तुझ्याजवळ बोलले, तिथंच ते फुटलं."

"तू माझ्यासाठी बोललीस."

"कुणासाठी का असंना. आता उद्या कोण माझ्याजवळ बोलायला लागलं तर मी काय तोंडानं व्हय म्हणू?"

दुसऱ्या दिवसापासून तिने वृद्धाश्रमात जाणं बंद केलं. माझ्याशी ती बोलत होती. जेवलास काय, कपडे वाळत घातलेस काय, असं सगळं. त्यामुळे मला अधिकच वाईट वाटायचं. आश्रमाचे व्यवस्थापक दर दोन दिवसांनी फोन करायचे. तिथल्या एका आजोबांनी दुपारी कुशीवर वळून झोपायचं सोडलं होतं. बालदीच्या जागेकडे तोंड करून ते बसून राहायचे. तिच्यावाचून त्यांची दुपार सरत नव्हती आणि माझ्यामुळे ती जात नव्हती. आम्ही सबंध देशाला सोबत द्यायला निघालो होतो आणि माझ्या एका भाषणाने देशातली एक चालू सोबत बंद पडली होती.

महिन्याच्या बैठकीला मी पडद्यासमोर बसलो आणि घडलं ते सांगितलं. म्हटलं, आपल्या सनदेचं पहिलं कलम मला सुचवायचं आहे. आम्ही सगळ्या संस्थांनी मान्य करायची म्हणून एक सनद लिहीत होतो आणि तिचं पहिलं कलम काय असावं यावर सहा महिने वाद चालला होता. कुणाला तिथे 'आत्मा' हा शब्द हवा होता, कुणाला नको होता.

मी वाचून दाखवलं, "उशाशी ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही. नाव वगळूनही नाही आणि चांगल्या कामासाठीही नाही. ज्याचं आहे त्याने स्वतः सांगितलं तरच."

दिल्लीच्या बाई म्हणाल्या, "पण मग आपलं काम लोकांना कळणार कसं? गोष्टींशिवाय कोण ऐकतं? तुमच्याच भाषणाने तर सगळे हलले."

"म्हणूनच सांगतोय," मी म्हटलं.

डॉक्टर म्हणाले, "तुम्ही नाव तर बदललं होतंत."

मी त्यांना वाडी, विहीर आणि चहाचे कप भरणारी बाई सांगितली. ते मग म्हणाले, "आमच्या गावातही तसंच आहे. मी विसरलो होतो."

मग केरळच्या सिस्टर बोलल्या. त्या क्वचित बोलतात. "आमच्या एका आजीनं गेल्या वर्षी मला विचारलं, सिस्टर, हे तुमच्या वार्षिक अहवालात येणार का? मी हसले होते. आज हसू येत नाही. माझी सही धरा."

त्या दिवशी सगळ्यांचं एकमत झालं नाही. एक संस्था पुढे बाहेर पडली. पण ते कलम पहिलं म्हणून राहिलं, आणि दिल्लीच्या बाईंनी त्याचं हिंदी इतकं सरळ केलं की मला मराठीपेक्षा ते आवडतं.

कलम झालं तरी त्या मुलीच्या दारी जायचं राहिलं होतं. एका दुपारी गेलो. तिने मला ओळखलं.

"आता काय राहिलंय न्यायला?"

"न्यायला नाही आलो, ताई. माफी मागायला आलो. माझ्या आत्यानं तुमचं काही बाहेर सांगितलं नव्हतं. मी सांगितलं."

"मग ती व्हय कशाला म्हणाली?"

आतून एक थकलेला आवाज आला, "कोण आहे गं?"

"तो भाषणवाला."

"मग उन्हात काय उभा केलायस? आत घे."

आत खाटेवर तिची आई बसली होती. त्या माणसाची बायको. नव्वदीला टेकलेली, पण कान तिखट. तिने मला पाणी आणि गुळाचा खडा द्यायला लावला. मग म्हणाली, "ते मला सगळं ठाऊक होतं. ह्यांनी मला कधी सांगितलं नाय, मी कधी विचारलं नाय. संसारात असतं तसं. पण तुझ्या आत्येनं इतकी वर्षं पोटात ठेवलंन आणि तू एका सकाळी वाटून मोकळा झालास?"

"चुकलं माझं, आजी."

"माझ्याकडं बोलून काय? तिला बोल. आणि माझा एक निरोप सांग. मला तिच्यापाशी बसायचंय. माझं पण आहे थोडं."

मुलगी दारातून म्हणाली, "आई, तू पण? मला सांग की."

"तुला? तू संध्याकाळी बहिणीला फोन करशील."

मुलीला हसू आलं. तिने ते लपवायला पाण्याचा तांब्या उचलला आणि आत गेली.

मी घरी आलो. आत्यासमोर बसलं की मी फार बोलतो, कारणं देतो, आणि ती सूप हातात घेते. म्हणून मी पत्र लिहिलं. तिला वाचायला सोपं जावं म्हणून अक्षर मोठं काढलं, एका ओळीआड एक, आणि एसटीने गावाला जायच्या आधी नेहमीच्या चिठ्ठीसारखं तिच्या चहाच्या डब्याखाली न ठेवता पोस्टात टाकलं. तिला पोस्टाने पत्र कधी आलेलं नाही. ते हे.

आत्ये,

पाया पडतो. मी गावाला जाऊन बुधवारी परत येतो. बाबांचा गुडघा बरा आहे असं कालच्या फोनवर कळलं.

मी तुला बरंच काही तोंडी बोललो. त्यात माझा हेतू चांगला होता हे फार वेळा बोललो. ते सोडून दे. तू विश्वासाने सांगितलेलं मी बाहेर सांगितलं, एवढंच खरं आहे. तू म्हणालीस चूक तुझी पहिली. ती चूक तू केली नसतीस तर मी आज कुठल्या तरी हॉटेलात असतो आणि हे पत्र लिहायला बसलो नसतो. त्यामुळे तिला मी चूक म्हणू शकत नाही.

मी त्यांच्या घरी जाऊन आलो. तू काही बाहेर सांगितलं नव्हतंस हे मुलीला सांगितलं. तिने विचारलं की मग ती व्हय कशाला म्हणाली. मला तेव्हा उत्तर आलं नाही. वाटेत आलं. तू नेहमीच व्हय म्हणतेस.

मुलगी अजून पुरती निवळलेली नाही. तिला वेळ लागेल आणि तो तिने घ्यावा. तिची आई मात्र सगळं जाणून होती, पहिल्यापासून. तिने तुला निरोप दिलाय. तिला तुझ्यापाशी बसायचं आहे. तिचंही काही आहे म्हणाली. मुलीला सांगायला तयार नाही. मला तर नाहीच. तुलाच सांगायचं आहे.

आमच्या आघाडीच्या कागदावर आता पहिली ओळ तुझी आहे. उशाशी ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही. खाली तुझं नाव घातलेलं नाही, गाव नाही, दवाखाना नाही, बालदीसुद्धा नाही. ती ओळ सात-आठ राज्यांत कोण कोण वाचेल आणि तुला कुणी ओळखणार नाही.

आश्रमात जाऊन आलो. तुझी बालदी खिडकीखाली आहे तशी उपडी आहे. फरशी पुसायला त्यांनी दुसरी काढली. ते आजोबा विचारत होते की बाईंना बरं नाही काय. मी म्हटलं, बरं आहे, येतील. तुला विचारल्याशिवाय बोललो, ते माझं अजून सुटत नाही.

गुरुवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी त्या आजींना रिक्षाने आश्रमात घेऊन येतो. तू आलीस तर मी त्यांना दारापर्यंत सोडीन आणि फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर थांबेन. नाही आलीस तर त्यांना समुद्र दाखवून परत नेईन आणि तुला पुन्हा विचारणार नाही.

आलीस तर एकच. घरी परतताना त्या काय बोलल्या ते मला सांगू नकोस. मी विचारलं तरी.

तुझा,
घरातला पहिला